सिलिंडरमागचा खंड्या

पेंटरकाकांनी उभ्या आयुष्यात 'क्रीम कलर' असा शब्द उच्चारला नाही. 'ऑफ व्हाइट' कोणी म्हटलं तर त्यांचा चेहरा चहात मीठ पडल्यासारखा व्हायचा. त्यांच्याकडे रंगांची नावं सगळी खाण्यापिण्यातली. आमच्या बिल्डिंगचा जिना म्हणजे 'कालचं वरण', समोरच्या डेअरीचं शटर म्हणजे 'कैरीचं पन्हं'. दुसऱ्या मजल्यावरच्या एका कुटुंबाने हॉलला भडक नारिंगी रंग काढला होता, तर ते अख्खं कुटुंबच 'गाजर हलवा' झालं. गाजर हलव्याच्या मुलीला बँकेत नोकरी लागली, असं ते अगदी सरळ चेहऱ्याने सांगायचे. मी सातिवलीला लेबलं छापणाऱ्या एका युनिटमध्ये कामाला, म्हणजे रंगाशी माझाही रोजचा संबंध. पण आमचे रंग नंबरावर चालतात. एकदा कौतुकाने सांगायला गेले की आमच्याकडे पिवळ्याच्या अठरा छटा आहेत, तर म्हणाले, त्यातली एक तरी पोटात जाईल अशी आहे का?

नालासोपारा पूर्वेला, तुळिंजच्या बाजारामागच्या गल्लीत आमची ती बिल्डिंग. चार मजले, लिफ्ट नाही. तळमजल्यावर जिन्याखाली जी तिरकी जागा उरते तिथे काकांचं दुकान. दुकान म्हणजे एक स्टूल, ब्रशांचे डबे आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या अर्ध्या रंगलेल्या पाट्या. उंच माणसाला तिथे ताठ उभं राहता आलं नसतं. काका बुटके, त्यामुळे त्यांचं भागून गेलं. एकेकाळी बाजारातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. मग फ्लेक्स आला आणि त्या एकेक करून उतरल्या. उरलं काय, तर रिक्षांच्या मागचे आईवडिलांचे आशीर्वाद, 'गेटसमोर गाडी लावू नये', आणि घरांना रंग काढायची कामं. पण फ्लेक्सच्या नावाने रडगाणं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. संध्याकाळी सहा वाजता ते पांढरा शर्ट, पांढरा लेंगा घालून बाजारात फेरी मारायला निघायचे. दिवसभर रंगात हात घालणारा माणूस, पण त्या कपड्यांवर शिंतोडा शोधून सापडायचा नाही. सातिवलीहून येताना मी रिक्षातून उतरायची आणि कधीकधी त्यांच्याबरोबर घरापर्यंत चालायची. वाटेतली प्रत्येक पाटी वाचायची आणि तिला नाव ठेवायचं, हा त्यांचा फेरफटका. हा 'ळ' बघा, पोट धरून बसलाय. हा 'स' बघा, कोणीतरी मागून ढकललाय. रस्त्यात थांबून, बोट दाखवून बोलायचे. दुकानदार आतून बघत असायचे आणि मी मान खाली घालून चालायची.

त्यांचं एक पालुपद होतं: 'थांबा, वाळू द्या.' पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा हात मारायचा नाही, हा रंगकामातला साधा नियम, पण काकांनी तो सगळ्या जगाला लावला होता. टाकीच्या पाण्यावरून बायका हमरीतुमरीवर आल्या की काका जिन्याखालून मुंडी बाहेर काढून सांगायचे, थांबा, वाळू द्या. कोणाच्या मुलीला स्थळ आलं, थांबा, वाळू द्या. एकदा आमच्या सुपरवायझरने माझा सगळ्यांसमोर पाणउतारा केला. मी राजीनामा लिहून पर्समध्ये घातला आणि वर जाता जाता काकांना दाखवला. त्यांनी तो वाचला, माझं अक्षर चांगलं आहे म्हणाले, आणि वर तेच. तिसऱ्या दिवशी सुपरवायझर स्वतः चहा घेऊन टेबलाशी आला. तो राजीनामा बरेच दिवस पर्समध्ये होता, नंतर त्याच्या मागे मी किराण्याची यादी लिहिली.

आणखी एक. काका कोणाच्याही घरात शिरले की आधी भिंतीला हात लावायचे. तळवा नाही, हाताची मागची बाजू. आई मुलाच्या कपाळाला लावते तशी. पाणी कुठून झिरपतंय, भेगांत लांबी, म्हणजे पुट्टी, कुठे भरलीय, रंग विकतचा आहे की घरी कालवलेला, सगळं त्यांना त्यातून कळायचं म्हणे. आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा मी दारावर लावायला नावाची पाटी करून घ्यायला त्यांच्याकडे गेले. मला पितळेची हवी होती. भाड्याचं घर आहे ना, त्यांनी विचारलं. मी हो म्हटल्यावर प्लायवूडचा एक तुकडा घेतला, आमची दोघांची नावं लिहिली, वर दोन भोकं पाडून तार ओवली आणि म्हणाले, सेफ्टी डोअरला अडकवा, जाताना काढून न्या, परक्याच्या भिंतीला खिळा मारू नका. तेव्हा वाटलं, म्हातारा जरा जास्तच शहाणा आहे.

तीन वर्षं आम्ही त्या घरात राहिलो. मालकांना सगळे भाऊ म्हणायचे. ते पश्चिमेचे, समुद्राकडच्या गावातले. घरची केळीची बाग, सोनचाफा, विहीर. वडिलांच्या वेळी थोडी जमीन विकली, त्या पैशांतून हे घर घेतलं होतं. भाडं आम्ही मोबाइलवर पाठवायचो, तरी पाच तारखेला भाऊ स्कूटरवरून यायचेच आणि केळ्यांची एक फणी दारात ठेवायचे. दिवाळीला सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली गोड केळी. आमच्या हिच्याकडची केळी खाऊन बाजारातली खाववत नाहीत, असं माझे हे सगळ्यांना सांगायचे. 'आमच्या हिच्याकडची' म्हणजे जणू माझं माहेरच. भाऊ मला वहिनी म्हणायचे, चपला बाहेर काढून आत यायचे, पाणी मागून प्यायचे. माणूस चांगला होता, यात मला आजही शंका नाही.

विरारला आम्ही स्वतःचा फ्लॅट घेतला. वन रूम किचन, पण आपला. पै पै करून हप्ते भरले. माझं मंगळसूत्र सोडून बाकी सोनं बँकेत होतं, दोघांच्या ऑफिसातून अॅडव्हान्स उचलून झाला होता, दोन्हीकडच्या नातेवाइकांपुढे हात पसरून झाले होते. बिल्डरला शेवटचे पन्नास हजार द्यायचे होते आणि आमचं डिपॉझिट बरोबर पन्नास हजार होतं. हिशोब इतका चोख बसला की मला वाटलं, देवाच्या मनात आहे. शनिवारी डिपॉझिट मिळणार, त्याच दुपारी बिल्डरच्या ऑफिसात भरायचं, चावी घ्यायची, रविवारी टेम्पो. सोमवारी आमच्या जागी नवे भाडेकरू यायचे होते. बिल्डरच्या माणसाने स्वच्छ सांगितलं होतं, पूर्ण पैसे आल्याशिवाय चावी नाही.

शुक्रवारी संध्याकाळी भाऊ आले. फणी ठेवली, पाणी प्याले आणि खिशातून कागद काढला. रंग, बारा हजार. नव्या भाडेकरूची दलाली, तीन हजार. साफसफाई, दोन हजार. नळ, दीड हजार. दाराची कडी, आठशे. म्हणजे एकोणीस हजार तीनशे कापून हातात तीस हजार सातशे.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. नळ आम्ही स्वतः बदलला होता. साफसफाई कसली, तर मी चार दिवस रजा काढून फरशी घासत होते. नवा भाडेकरू यांना हवा आणि दलाली आम्ही का द्यायची? पण तोंड उघडलं आणि समोर ती केळी दिसली. तीन वर्षं ज्याची केळी खाल्ली त्याच्याशी भांडायला सुरुवात कुठून करायची, ते मला कळेना. शेवटी एवढंच विचारलं की रंगाचे बारा हजार कसले. भाऊ अगदी शांतपणे म्हणाले, माझा नियमच आहे वहिनी, भाडेकरू गेला की रंग काढायचा, म्हणून तर तुम्हाला घर लख्ख मिळालं. तुम्ही पाचवे, आधी चार गेले, चारही वेळा काढला. सगळेच मालक कापतात, मी काही जगावेगळं करत नाही. आम्ही आलो तेव्हा घर लख्ख नव्हतं, पण फोटो काढायची अक्कल आम्हाला नव्हती. यांनी तर, जाऊ दे, बघू, असं म्हणायला सुरुवात केली. कुठे बघणार होते, देव जाणे. आता हात पसरायलाही कोणी उरलं नव्हतं.

भाऊ उद्या सकाळी पैसे घेऊन येतो म्हणून गेले आणि मी तशीच जिन्याखाली धावले. माझ्या डोक्यात एक बेत शिजला होता. बारा हजार कापतायत ना, मग काकांकडून पाच-सहा हजारांत आपणच रंग काढून घ्यावा आणि भाऊंना म्हणावं, हे घ्या तुमचं घर. काकांना उधारीवर करा म्हणणार होते. काका वर आले, हाताची मागची बाजू हॉलच्या भिंतीला लावली, मग बेडरूमच्या, मग स्वयंपाकघरातल्या. मग विचारलं, किती वेळा काढला म्हणाले? मी म्हटलं, चार. ते नाकातल्या नाकात हसले. मी विचारलं, करून द्याल का रविवारच्या आत? तर म्हणाले, "थांबा, वाळू द्या. उद्या भाऊ आले की मला हाक मारा. मालक समोर असल्याशिवाय मी भिंतीला हात लावणार नाही."

मला त्या 'वाळू द्या'चा इतका राग आला की सांगता सोय नाही. रविवारी टेम्पो, सोमवारी दुसऱ्याचं सामान दारात, आणि हे म्हणतात वाळू द्या.

शनिवारी सकाळी भाऊ आले. पुन्हा केळी. मी काकांना हाक मारली. ते पांढऱ्या कपड्यांत वर आले, हातात पिशवी, पिशवीत पॉलिश पेपर, फडकं आणि एक वाटी. त्यांनी भाऊंना नमस्कार केला आणि विचारलं, भिंतीला रुपयाएवढं घासून बघू का? भाऊंना गंमत वाटली. म्हणाले, बघा की. काका बेडरूमच्या दारामागे बसले, पाण्याचा हात फिरवून पेपरने गोल गोल घासायला लागले. वरचा रंग, ज्याला ते साय म्हणायचे, तो पिठासारखा सुटला. खाली हिरवट रंग लागला. काका म्हणाले, ही दुधीची भाजी. दुधीच्या खाली पांढरा चुना आणि मग सिमेंट. संपलं. मला वाटलं, झालं काम, चार वेळा म्हणतात आणि रंग निघाले दोन.

पण भाऊ काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. म्हणाले, काका, जुना रंग खरवडूनच नवा काढतात, आधीचे कसे दिसतील? आणि हे खरंच होतं. काकांनीही मान डोलावली, बरोबर आहे, म्हणाले, खरवडला असेल. मग ते सरकत सरकत भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात गेले, जमिनीपासून वीतभर वर घासायला लागले. साय गेली, दुधी लागली. आणखी थोडं बाजूला घासलं. पुन्हा दुधीच. काका थांबले, बोटाने चाचपलं, पुन्हा घासलं. काय शोधतायत ते मला कळत नव्हतं, पण ते सापडत नाहीये एवढं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. घामाचा एक थेंब त्या पांढऱ्या शर्टावर पडला. आमच्या यांनी माझ्याकडे बघितलं. भाऊ बिचारे अवघडले, कागदाची घडी करत मला म्हणाले, वहिनी, वाईट वाटून घेऊ नका, केळी घ्या. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. विरारची ती चावी मला बिल्डरच्या टेबलावर पडलेली दिसत होती.

काका उठले, हॉलमध्ये येऊन जमिनीवर मांडी घालून बसले आणि चहा मागितला. सामान बांधलेलं, भांडी खोक्यात. मी चिडूनच एक पातेलं बाहेर काढलं आणि चहा टाकला. काकांनी पेला हातात घेतला, एक घोट घेतला आणि पेल्याकडे बघत राहिले. मग भाऊंना विचारलं, तुमचे वडील थर्मासमधून चहा आणायचे ना, वाडीतून? गवती चहा घातलेला? भाऊ म्हणाले, हो, पण तुम्हाला कसं ठाऊक? काका ताडकन उठून स्वयंपाकघरात गेले. मागोमाग आम्ही. सिलिंडर हलवा म्हणाले.

सिलिंडर नवा, भरलेला. आमचे हे आणि भाऊ, दोघांनी मिळून तो ओढला. त्यामागे तीन वर्षांत माझा झाडूसुद्धा धड पोचला नव्हता. काका गुडघ्यांवर बसले, ओल्या पेपरने हलक्या हाताने घासायला लागले, इतक्या हलक्या की घासतायत की पुसतायत ते कळेना. साय सुटली. तिच्या खाली दुधी. आणि दुधीवर एक निळा ठिपका. मग लाल चोच. मग तपकिरी डोकं. बोटाच्या पेराएवढा एक खंड्या पक्षी ऑइलपेंटमध्ये काढलेला, खाडीच्या तारेवर बसतो तसा, आणि त्याच्या पायाशी सालाचे दोन आकडे. तेरा वर्षांपूर्वीचं साल.

"खरवडला असता तर हा उडून गेला असता," काका म्हणाले.

मी आकडे पुन्हा पुन्हा वाचत होते. तेरा वर्षांत या भिंतीवर एकच हात फिरला होता, तोही बिनप्रायमरचा. भाऊ खाली उकिडवे बसले आणि त्यांनी स्वतःच्या रुमालाने तो ओला पक्षी टिपला. विचारलं, हा तुम्ही काढलाय? काका म्हणाले, तुमच्या वडिलांसमोर, इथेच बसून त्यांचा तो चहा पिता पिता. रंगाऱ्याचं काम जिथे संपतं तिथे त्याची सही. बेडरूममध्ये त्या दिवशी वायरमन होता, म्हणून शेवट इथे झाला. म्हातारा झालो, विसरलो. मग जरा थांबून म्हणाले, "तेव्हाही एक भाडेकरू घर सोडून गेला होता. तुमच्या वडिलांनी त्याचे सगळे पैसे माझ्यासमोर परत केले आणि रंग स्वतःच्या खिशातून काढला. मला मजुरी दिली, वर वाडीवर बोलावून केळीचा घड दिला. तो मी स्टेशनवरून खांद्यावर घेऊन आलो होतो."

भाऊ बाल्कनीत गेले आणि त्यांनी आईला फोन लावला. आईशी ते त्यांच्या घरच्या बोलीत बोलायचे, ती मला निम्मी कळायची नाही. 'बाबा' कळलं आणि 'खंड्या' कळलं. बराच वेळ ऐकत होते. आत आले तेव्हा डोळे लाल होते, पण आवाज नेहमीचा. कागद उलगडला आणि रंगावर काट मारली. दलालीवर न विचारता मारली. फरशीकडे बघून साफसफाईवर मारली. नळाचं बिल मी खोक्यातून शोधून काढेपर्यंत तीही ओळ गेली होती. कडीचे आठशे मात्र राहिले, कारण कडी खरंच आमच्या यांनी तोडली होती, चावी आत राहिली म्हणून लाथ मारून. मी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. एकोणपन्नास हजार दोनशे मिळाले. वरचे आठशे घरात होते.

त्या खंड्याची हकीकत काकांनी मला नंतर सांगितली, आम्ही सामान खाली आणत होतो तेव्हा. काकांचं आयुष्य भाड्याच्या घरांत गेलं, अकरा घरं झाली होती. त्यातल्या एका खोलीला त्यांनी स्वतःच्या पैशांनी, स्वतःच्या हाताने सुरेख रंग काढला होता, बायकोला आवडतो म्हणून 'आमरस'. घर सोडताना मालकाने डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले. रंगाऱ्याला रंगाचे पैसे. हे सांगताना काका हसत होते, पण तेव्हा तीन दिवस जेवले नव्हते म्हणे. तेव्हापासून ज्या भाड्याच्या घराला रंग काढतील तिथे शेवटच्या भिंतीवर, उजव्या कोपऱ्यात, खाली, एक खंड्या आणि साल. तो कधी कोणाच्या कामी येईल याची त्यांना कल्पना नव्हती. आजवर एकदाही आला नव्हता. मी विचारलं, असे किती खंड्ये आहेत या गावात? तर म्हणाले, मोजले नाहीत, पण विरारपासून वसईपर्यंत बरेच बसलेत.

भाऊंनी त्याच महिन्यात काकांना बोलावून ते घर नीट रंगवून घेतलं, आणि साल ठळक लिहा असं स्वतःहून सांगितलं. हे मला काकांनीच फोनवर कळवलं. आमच्याकडे दिवाळीला सुकेळी अजून येतात.

विरारच्या घरात आम्ही स्थिरावलो तेव्हा मी हट्टाने काकांनाच रंगाला बोलावलं. त्यांनी पैसे पुरते घेतले, एक रुपया सोडला नाही. पैसे सोडले की हात ढिला पडतो, म्हणाले. चार दिवस एकट्याने काम केलं. हॉलला असा पिवळा काढला की आल्यागेल्याला जेवायला बसावंसं वाटावं. काम संपल्यावर मी प्रत्येक भिंतीचा उजवा कोपरा तपासला. दारामागे, सिलिंडरमागे, मोरीपाशी. खंड्या कुठेच नाही. मला वाईट वाटलं. मी म्हटलं, काका, आमच्याकडे सही नाही केलीत. ते ब्रश धूत होते. मान वर न करता म्हणाले, "हे तुमचं घर आहे, ताई. इथे कोणाला काय दाखवायचंय?" तेव्हा मला इतकं बरं वाटलं की स्वतःचं घर झालं हे मला खऱ्या अर्थाने त्या दिवशी कळलं, चावी मिळाली त्या दिवशी नाही.

पाच वर्षांनी यांची बदली बोईसरला झाली. आम्ही तिकडे राहायला गेलो आणि विरारचं घर भाड्याने द्यायचं ठरलं. पुन्हा काकांना बोलावलं. आता ते थकले होते, हात कापायचा, पण ब्रश भिंतीला टेकला की कापायचा थांबायचा. काम झालं, मी पैसे दिले. दारातून चपला घालताना म्हणाले, "येतो, मालकीणबाई." इतकी वर्षं ताई म्हणणारा माणूस. मी हसले, थट्टा वाटली. मग फरशीवरचे शिंतोडे पुसायला बसले आणि हॉलच्या दारामागे, उजव्या कोपऱ्यात, खाली, तो दिसला. निळे पंख, लाल चोच, पायाशी चालू साल.

राग आला, खरं सांगते. मी? माझ्यावर? ज्या बाईला सिलिंडरमागच्या खंड्याने न्याय मिळवून दिला, तिच्यावर पहारा? बोईसरला पोचेपर्यंत माझी धुसफुस चालू होती. हे म्हणाले, पुसून टाकायचा होतास. ते मात्र माझ्या मनात आलं नव्हतं.

दोन वर्षं तिथे एक नर्स मुलगी राहिली. गेल्या महिन्यात तिने घर सोडलं. चावी घ्यायला मी गेले. स्वयंपाकघराच्या भिंतीवर फोडणीचे डाग, हॉलमध्ये पलंगाची घासपट्टी. ती दारात उभी होती, बॅगा बांधलेल्या, चेहरा पडलेला. म्हणाली, मालकीणबाई, रंगाचे किती धराल? दुसऱ्या रूमचं डिपॉझिट आजच भरायचंय, म्हणून विचारते. माझ्या पर्समध्ये कागद होता. आदल्या दिवशी बोईसरला निवांत बसून लिहिलेला, माझ्याच अक्षरात, आणि पहिली ओळ होती: रंग, दहा हजार. कोणी सांगितलं नव्हतं मला. सगळेच कापतात, एवढंच मनात होतं.

मी तिला दारामागे नेलं, खाली वाकायला लावलं आणि खंड्या दाखवला. त्याचं साल वाचायला सांगितलं. भाड्याच्या घराचा रंग दोन वर्षांत एवढा मळणारच, त्याचे पैसे तू का द्यायचे, असं म्हणून तिचे पूर्ण पैसे तिथेच उभ्या उभ्या तिच्या मोबाइलवर पाठवले. तिने दोनदा आकडा वाचला आणि माझा हात धरला. तो धरलेला हात मला फार जड वाटला.

संध्याकाळी काकांना फोन केला. शाबासकी मिळेल अशी आशा होती, लपवत नाही. यादीबद्दलही सांगून टाकलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, डाग कसला पडलाय? मी म्हटलं, फोडणीचा. मग कालचं वरण झालं असणार, म्हणाले. येत्या आठवड्यात येतो, नवीन भाडेकरू यायच्या आत दोन हात मारून देतो.

"आणि साल तेवढं बदलतो," ते म्हणाले.

मी म्हटलं, बदला काका.